मेमरी कार्डाची मालकी कोणाची?

वस्तु विकत घेतली, तिची किंमत रोख मोजली आणि ती घरीं आणली, म्हणजे ती आपली झाली, अशी सामान्य माणसाची समजूत असते. आणि कपडा, भांडें किंवा पुस्तक यांच्या बाबतींत ती बहुतेक खरीहि ठरते. परंतु गेल्या दोन-अडीच दशकांत आपल्या घरांत अशा कांहीं वस्तु आल्या आहेत कीं, त्यांच्या बाबतींत या समजुतीची परीक्षा रोज होत असते. टॅब्लेटमधील जागा संपते, म्हणून गृहस्थ बाजारांतून नखाएवढें मेमरी कार्ड आणतो, तें खांचेंत बसवितो, आणि मुलांचीं छायाचित्रें किंवा वडिलांच्या कागदपत्रांच्या प्रती त्यावर हलवूं लागतो. टॅब्लेट कार्ड ओळखतो, त्यावरील मोकळी जागा सांगतो, पूर्वीं त्यावर असलेलीं चित्रेंहि उघडून दाखवितो. मात्र लिहिण्याची वेळ आली कीं 'परवानगी नाहीं' एवढें म्हणून स्वस्थ बसतो. टॅब्लेट गृहस्थाचा, कार्ड गृहस्थाचें, छायाचित्रें त्याच्याच मुलांचीं. मग परवानगी कोणाची हवी होती?

हा प्रश्न दिसतो तेवढा क्षुल्लक नाहीं. त्याचें उत्तर शोधूं लागल्यास तीन निरनिराळ्या इतिहासांचे धागे हातीं लागतात: एक स्मृति धारण करणाऱ्या पदार्थाचा, दुसरा ती स्मृति मांडून ठेवणाऱ्या वहीचा, आणि तिसरा त्या वहीवर पहारा ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. हे तिन्ही धागे क्रमानें उलगडल्यावांचून ही गांठ सुटावयाची नाहीं.

कार्डाच्या पोटांतील स्मृतीची मूळ कल्पना १९६७ सालची आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डॉवन कांग व सायमन झी या दोन संशोधकांनीं असें दाखविलें कीं, विद्युत्-रोधक थरांनीं चोहों बाजूंनीं वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार कोंडून ठेवतां येतो, आणि बाहेरची वीज बंद झाली तरी तो तेथेंच राहतो. भार आहे किंवा नाहीं, एवढ्याशा भेदावर होय-नाहींची नोंद करतां येते. आणि अशा असंख्य नोंदी मिळून एक चित्र किंवा एक पत्र तयार होतें.

या कल्पनेला व्यवहारांत उपयोगी पडेल असें रूप दिलें तें जपानच्या तोशिबा कंपनींत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनीं. एकेक कप्पा स्वतंत्रपणें पुसण्याचा खटाटोप सोडून कप्प्यांचा मोठा गटच्या गट एकदम पुसावयाचा, ही त्यांची युक्ति होती. ती क्रिया पाहून त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांना कॅमेऱ्याच्या लखलखाटाची आठवण झाली, आणि त्यावरून या स्मृतीला 'फ्लॅश' हें नांव मिळालें. १९८४ सालीं मासुओका यांनीं हा शोध सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेंत मांडला. १९८७ सालीं त्याचा 'नँड' हा अधिक दाट व अधिक स्वस्त प्रकार जगापुढें आला. आजच्या कार्डांत असते ती स्मृति या दुसऱ्या प्रकारची होय. पुढें १९९४ सालीं मासुओका यांनीं तोशिबा सोडून तोहोकु विद्यापीठांत अध्यापन पत्करलें, आणि २००४ सालीं शोधाच्या मोबदल्यासाठीं आपल्या जुन्या कंपनीवर १०० कोटी येनांचा दावा लावला. २००६ सालीं तो ८ कोटी ७० लक्ष येनांवर आपसांत मिटला. सारांश, ज्या वस्तूच्या मालकीचा आपण विचार करीत आहों, तिच्या जन्मकथेंतच मालकीचा एक तंटा गोंवलेला आहे.

या स्मृतीला खिशांत मावेल असें घर बांधून देण्याचें काम शतकाच्या अखेरीस झालें. १९९९ सालीं सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा या तीन कंपन्यांनीं एकत्र येऊन 'सिक्युअर डिजिटल' म्हणजेच एस. डी. कार्डाची घोषणा केली, आणि २००० च्या जानेवारींत त्याचे नियम ठरविणारी संस्था स्थापन झाली. मूळ कार्ड ३२ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद होतें, आणि आरंभींचीं कार्डें ३२ व ६४ मेगाबाइटांचीं होतीं. २००५ सालीं १५ मिलिमीटर लांब व ११ मिलिमीटर रुंद असें 'मायक्रो' कार्ड या कुटुंबांत आलें. टॅब्लेटच्या व फोनच्या खांचेंत बसतें तें हेंच. धारणशक्तीची मर्यादा २००६ च्या नियमांनीं ३२ गिगाबाइटांपर्यंत, २००९ च्या नियमांनीं २ टेराबाइटांपर्यंत, आणि २०१८ च्या नियमांनीं १२८ टेराबाइटांपर्यंत वाढविली.

परंतु नांवांतील 'सिक्युअर' या शब्दाकडे वाचकांनीं क्षणभर लक्ष द्यावें. सुरक्षित म्हणजे कोणासाठीं सुरक्षित? चोरापासून धन्याचा माल राखण्यासाठीं हा शब्द योजिलेला नव्हता. संगीताचे हक्क ज्यांच्या हातीं होते त्यांच्या गाण्यांची नक्कल कार्डाच्या धन्यानें करूं नये, म्हणून कार्डांत एक राखीव कप्पा व एक गुप्त किल्ली यांची सोय केली होती. व्यवहारांत ही सोय फारशी कोणी वापरली नाहीं. पण नांव मात्र चिकटलें. म्हणजे धन्यानें विकत घेतलेल्या वस्तूंत धन्याविरुद्धच एक कुलूप असावें, ही कल्पना या कार्डाच्या बारशापासूनच त्याच्या सोबत आहे.

आतां दुसरा धागा घेऊं. स्मृति म्हणजे नुसते कप्पे. कोणत्या कप्प्यांत कोणत्या फाईलचा कोणता तुकडा आहे, याचा हिशेब ठेवणारी वही नसेल तर त्या कप्प्यांचा उपयोग शून्य. मेमरी कार्डांवर जी वही चालते तिचें नांव 'फॅट' असें आहे. १९७७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट कंपनींतील मार्क मॅक्डोनल्ड यांनीं ती लवचिक चकत्यांसाठीं म्हणजे फ्लॉपींसाठीं रचली. तिची पद्धत आपल्याकडील दुकानदाराच्या खतावणीसारखी आहे. एखाद्या खात्याचें पान भरलें कीं तळाशीं 'पुढें पान अमुक' असें लिहावयाचें. त्या पानावर पुन्हां पुढच्या पानाचा आंकडा. आणि शेवटच्या पानावर समाप्तीची खूण. फॅट वहींत फाईलचे तुकडे याच रीतीनें एकमेकांशीं जोडलेले असतात. पद्धत इतकी साधी कीं, संगणक, कॅमेरा, मोटारींतील रेडिओ, दूरदर्शनसंच, सगळ्यांना ती वाचतां येते. एस. डी. कार्डानें हीच वही पत्करली, आणि त्यामुळें कॅमेऱ्यांतून काढलेलें कार्ड संगणकांत घालतांच चित्रें दिसूं लागलीं.

तथापि या साधेपणांत एक उणीव होती. फॅट वहींत फाईलचें नांव, आकार व वेळ यांची नोंद आहे; पण धनी कोण, वाचण्याची मुभा कोणाला, लिहिण्याची कोणाला, यांचा रकानाच नाहीं. १९७७ साली संगणकासमोर एकच माणूस बसे, त्यामुळें अशा रकान्याची गरज कोणाला भासली नाहीं. उलट टॅब्लेटच्या अंतर्गत स्मृतींत जी वही चालते ती लिनक्स या घराण्यांतली. तिच्यांत प्रत्येक फाईलीवर धन्याची व अधिकारांची नोंद असते. उपमाच द्यावयाची तर अंतर्गत स्मृति म्हणजे एक मोठा वाडा, ज्यांत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र कुलूप व स्वतंत्र किल्ली आहे. आणि मेमरी कार्ड म्हणजे गांवाबाहेरची धर्मशाळा, जिच्यांत कोणीहि यावें, कोठेंहि पथारी पसरावी, आणि कोणाच्याहि गांठोड्यांत डोकवावें. आज टॅब्लेटवर जी अडवणूक होते तिचें मूळ या दोन रचनांच्या विरोधांत आहे.

त्या वहीच्या आणखी दोन मर्यादा येथेंच सांगून टाकाव्या. १९९६ सालीं आलेल्या 'फॅट ३२' या सुधारलेल्या आवृत्तींत फाईलचा आकार लिहिण्यास ३२ द्विमान स्थानें दिलीं आहेत. त्यामुळें ४,२९,४९,६७,२९५ बाइटांहून, म्हणजे सुमारें ४ गिगाबाइटांहून मोठी फाईल तिच्यांत मांडतांच येत नाहीं. लग्नाची लांबलचक चित्रफीत कार्डावर कांहीं केल्या जात नाहीं, आणि कार्ड तर निम्मेंहून अधिक मोकळें दिसतें, या कोड्याचें उत्तर पुष्कळदां एवढेंच असतें. ही अडचण दूर करणारी 'एक्सफॅट' नांवाची नवी वही २००६ सालीं आली, आणि ३२ गिगाबाइटांहून मोठ्या कार्डांसाठीं ती २००९ पासून नियमानें ठरली. परंतु ती मायक्रोसॉफ्टच्या पेटंटांखालीं होती. जुन्या फॅटमधील लांब नांवांच्या युक्तीवरील पेटंटांसाठीं याच कंपनीनें २००९ सालीं टॉमटॉम या डच कंपनीवर दावा लावला होता, आणि महिन्याभरांतच टॉमटॉमला तडजोड करावी लागली होती. त्यामुळें ज्या उत्पादकानें परवाना घेतला नाहीं त्याच्या टॅब्लेटला नव्या मोठ्या कार्डावरील एक्सफॅट वही वाचतां येत नसे. तो धडधाकट कार्डाला खराब ठरवून नव्यानें आंखण्याची सूचना करी, आणि ती सूचना मान्य करणें म्हणजे त्यावरील सर्व मजकुरावर पाणी सोडणें होतें. २०१९ च्या ऑगस्टांत मायक्रोसॉफ्टनें या वहीची रचना प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून लिनक्समध्यें तिला उघड प्रवेश मिळाला.

आतां तिसरा धागा, म्हणजे पहारा. अँड्रॉइड ही व्यवस्था लिनक्सवर उभारलेली आहे. तिचा पहिला फोन २००८ सालीं बाजारांत आला, आणि त्यांत मायक्रो कार्डाची खांच होती. अँड्रॉइडनें पहिल्यापासून प्रत्येक ॲपला वाड्यांतील स्वतंत्र बिऱ्हाडकरू मानलें. एकाच्या खोलींत दुसऱ्यास प्रवेश नाहीं. पण कार्डावर मात्र धर्मशाळेचा न्याय चालूं ठेवला. लिहिण्याची एक ठोक परवानगी मिळाली कीं त्या ॲपनें कार्डावर कोठेंहि लिहावें, कांहींहि पुसावें. वाचण्यास तर आरंभीं परवानगीहि लागत नसे. धन्याची यांत सोय होती, आणि धोकाहि होता; कारण नुसता दिवा लावण्यासाठीं घेतलेल्या ॲपनें घरच्या छायाचित्रांची पेटी चाळून पाहिली, तरी त्यास अडविणारा कोणी नव्हता.

टॅब्लेटांचा काळ सुरू झाला तेव्हांच या पद्धतींत बदलाचीं चिन्हें दिसूं लागलीं. २०११ च्या फेब्रुवारींत टॅब्लेटांसाठीं खास रचलेली अँड्रॉइडची तिसरी आवृत्ति घेऊन मोटोरोलाचा 'झूम' टॅब्लेट अमेरिकेंत विक्रीस आला. त्यांत कार्डाची खांच होती, पण ती चालत नव्हती. ती चालूं करणारी सुधारणा मागाहून, कांहीं महिन्यांनीं मिळाली. आपल्या देशांत त्याच वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं 'आकाश' हा स्वस्त टॅब्लेट विद्यार्थ्यांसाठीं जाहीर झाला. पवई येथील आय. आय. टी.च्या देखरेखीखालीं त्याची पुढील आवृत्ति तयार झाली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें तिचें प्रकाशन झालें. तिची अंतर्गत स्मृति ४ गिगाबाइटांची होती, आणि जोडीला कार्डाची खांच होती. अशा उपकरणांत कार्ड ही चैन नव्हे. गरीब विद्यार्थ्याचें सारें ग्रंथालय त्या कार्डावरच राहावयाचें. म्हणून कार्डावर लिहिण्याच्या अधिकाराचा प्रश्न महागड्या उपकरणाच्या धन्यापेक्षां स्वस्त उपकरणाच्या धन्याला अधिक बोंचणारा होता.

खरा आघात झाला तो २०१३ च्या अखेरीस आलेल्या ४.४ या आवृत्तीनें. तिचें लौकिक नांव 'किटकॅट'. या आवृत्तींत असा नियम अमलांत आला कीं, बाहेरून विकत घेतलेल्या किंवा उतरविलेल्या ॲपनें काढत्या-घालत्या कार्डावर फक्त स्वतःच्या नांवाच्या फोल्डरांत लिहावें. इतरत्र लिहिण्याचा अधिकार उत्पादकानें आधींच बसवून दिलेल्या ॲपांनाच राहील. परिणाम असा झाला कीं, रात्रीं झोपतांना जो टॅब्लेट कार्डावर सुखानें फाईली हलवीत होता, तोच सकाळीं सुधारणा उतरल्यावर नकार देऊं लागला. धन्यानें निवडलेला फाईल-व्यवस्थापक एकाएकीं पंगु झाला. याहून वाईट गोष्ट ही कीं, ॲपच्या स्वतःच्या फोल्डरांत ठेवलेल्या फाईली तें ॲप काढून टाकतांच त्याच्याबरोबर पुसल्या जात. भाडेकरू घर सोडून गेला म्हणून त्याच्या खोलींत धन्यानें ठेवलेली पेटीहि जाळून टाकावी, तसा हा न्याय.

या नियमामागील कारणें खोटीं नव्हतीं, हें न्यायबुद्धीनें कबूल केलें पाहिजे. धर्मशाळेंत गांठोडीं उघडीं पडलीं होतीं. काढून टाकलेल्या ॲपांचा कचरा कार्डावर वर्षानुवर्षें सांचत होता. आणि ज्या वहींत धन्याचा रकानाच नाहीं तिच्यावर पहारा ठेवावयाचा, तर फोल्डराच्या नांवावरून हद्द ठरविणें हा एक व्यवहार्य उपाय होता. दोष पहाऱ्यांत नव्हता. पहारेकऱ्याला हुकूम देणाऱ्यांत धनी कोठेंच नव्हता, हा खरा दोष. 'या ॲपवर माझा विश्वास आहे, याला आंत सोड,' असें म्हणण्याची सोय धन्याला ठेवली नव्हती. उत्पादकाच्या ॲपांना मात्र मोकळी वाट होती. ज्याचें रक्षण करावयाचें त्यालाच बाहेर ठेवून केलेलें रक्षण लोकांना जाचक वाटावें, यांत नवल नाहीं.

ही उणीव पुढच्याच वर्षीं अंशतः भरून निघाली. २०१४ च्या नोव्हेंबरांत आलेल्या पांचव्या आवृत्तींत धन्यानें एखादें फोल्डर किंवा सबंध कार्ड स्वतःच्या हातानें निवडून अमुक ॲपला तें मोकळें करून द्यावें, अशी रीत सुरू झाली. पद्धत थोडी क्लिष्ट होती, प्रत्येक ॲपला तिच्यासाठीं नव्यानें लिहावें लागलें. परंतु किल्ली धन्याच्या हातीं आली, हें महत्त्वाचें. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीनें दुसराच मार्ग दाखविला: धर्मशाळा मोडून तिची वाड्यांत भर घालावयाची. म्हणजे कार्ड नव्यानें आंखून त्यावर लिनक्सची वही मांडावयाची, सर्व मजकूर गूढलिपींत लिहावयाचा, आणि त्या लिपीची किल्ली त्या एकाच उपकरणांत ठेवावयाची. यानें जागा वाढली. पण कार्ड काढून दुसरीकडे वाचण्याची मूळ सोयच नाहींशी झाली. उपकरण बिघडलें कीं कार्ड शाबूत असूनहि त्यावरील मजकूर कायमचा मुका. २०१६ सालीं सॅमसंग व एल. जी. यांनीं आपल्या प्रमुख फोनांत ही सोय न ठेवणेंच पसंत केलें. २०१९ व २०२० मधील दहाव्या व अकराव्या आवृत्त्यांनीं तर ॲपांच्या हद्दी अंतर्गत स्मृतींतहि अधिक कडक केल्या; सर्व फाईलींवर हात फिरविण्याचा अधिकार हवा असल्यास तो धन्याकडून वेगळा मागून घ्यावा लागूं लागला.

इतका इतिहास पाहिल्यावर व्यवहाराच्या दोन गोष्टी सहज लक्षांत येतात. पहिली अशी कीं, टॅब्लेटमधून कार्डावर फाईल 'हलविणें' ही क्रिया वस्तुतः अस्तित्वांतच नाहीं. एकाच वहींत फाईल या फोल्डरांतून त्या फोल्डरांत नेणें म्हणजे केवळ नोंद बदलणें. पण एका वहींतून दुसऱ्या वहींत नेतांना आधीं नक्कल करावी लागते, आणि मग मूळ प्रत पुसावी लागते. मध्येंच कार्ड निघालें किंवा वीज संपली तर घात होतो तो या दोन पायऱ्यांच्या संधींत. म्हणून शहाण्या माणसानें हलविण्याची आज्ञा देऊंच नये. नक्कल करावी, कार्डावरील प्रत उघडून पाहावी, आणि मगच मूळ पुसावें.

दुसरी गोष्ट मराठी वाचकांच्या खास उपयोगाची आहे. फॅट वहींत फाईलच्या नांवाला २५५ चिन्हांची मुभा आहे. टॅब्लेटच्या अंतर्गत वहींत मर्यादा २५५ बाइटांची आहे, आणि देवनागरीचें एकेक चिन्ह तेथें ३ बाइट जागा घेतें. कानामात्रा, वेलांटी व हलन्ताची खूण हींहि स्वतंत्र चिन्हें धरलीं जातात. त्यामुळें ८५ चिन्हांतच मराठी नांवाची मर्यादा संपते. त्याहून लांबलचक नांवें कार्डावर सुखानें राहतील, पण परत टॅब्लेटवर आणतांना अडतील. तसेंच कोलन, प्रश्नचिन्ह, तारका अशीं कांहीं चिन्हें फॅटला वर्ज्य आहेत. नांव आटोपशीर ठेवावें, हें उत्तम.

शेवटीं मूळ प्रश्नाकडे येऊं. फ्लॅश स्मृतींतील प्रत्येक गट ठराविक वेळांच पुसतां येतो, आणि कोंडलेला विद्युत्भारहि हळूहळू झिरपत असतो. तेव्हां हें कार्ड ताम्रपट नव्हे. पूर्वीं घराण्याचे कागद लोखंडी पेटींत असत. पेटी जड होती, कागद जीर्ण होत, पण पेटीची किल्ली घरांतल्या वडील माणसाच्या कंबरेला असे, आणि पेटी उघडण्यास लोहाराची संमति लागत नसे. आज पेटी नखाएवढी झाली, तिच्यांत सबंध वाड्याचे कागद मावूं लागले, आणि किल्ली मात्र दूरच्या शहरांतील कोणा कारागिराच्या नियमांवर अवलंबून राहिली. त्या कारागिरांनीं चोरांपासून रक्षण केलें, याबद्दल त्यांचे आभार मानावे. परंतु २०१३ व २०१४ या दोन वर्षांमधील फरकहि विसरूं नये. पहिल्या वर्षीं धन्याला न विचारतां दार लावलें गेलें, आणि दुसऱ्या वर्षीं तेंच दार राखून धन्याच्या हातीं किल्ली दिली गेली. सुरक्षितता दोन्ही वर्षीं होती. मालकी दुसऱ्याच वर्षीं आली. कोणत्याहि नव्या यंत्राची किंवा नव्या नियमाची पारख करतांना हाच कस लावावा: तें राखतें किती, एवढेंच पाहूं नये, राखण्याचा हुकूम कोणाचा चालतो, हेंहि पाहावें. आणि घरच्या मौल्यवान स्मृति तर निदान दोन निराळ्या ठिकाणीं जतन कराव्या, म्हणजे एका पहारेकऱ्यानें दार अडविलें तरी दुसरीकडील दार आपल्यासाठीं उघडें राहील.